सिल्व्हरटोन, एअरलाइन आणि त्यांची भावंडं: कॅटलॉगमधली जुनी गिटार आणि ॲम्प घेताना

अमेरिकेतल्या जुन्या वाद्यांच्या बाजारात फेंडर-गिब्सनच्या किमती पाहून डोळे पांढरे होतात. त्याच बाजारात १९६०च्या, म्हणजे साठीच्या, दशकातली काही वाद्यं अजूनही साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आहेत. ती कधी वाद्यांच्या दुकानात विकली गेलीच नाहीत. शिलाई मशीन, टायर आणि हिवाळी कोटांबरोबर ती डिपार्टमेंट स्टोअरच्या कॅटलॉगमध्ये छापली जायची आणि टपालाने घरी यायची. सीअर्सची सिल्व्हरटोन, माँटगोमेरी वॉर्डची एअरलाइन, जे. सी. पेनीची पेनक्रेस्ट, वेस्टर्न ऑटोची ट्रूटोन ही त्यातली ठळक नावं.

न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणारे आणि तिथून एखादं वाद्य पुण्या-मुंबईला आणू पाहणारे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो. गिटार घेताना थोडी चूक झाली तर पैसे जातात, ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, घेताना चूक झाली तर जीव जाऊ शकतो. म्हणून या लेखात ॲम्पला गिटारपेक्षा जास्त जागा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

माँटगोमेरी वॉर्डने १८७२मध्ये शिकागोतून टपालाने माल विकायला सुरुवात केली आणि सीअर्स त्यामागोमाग आली. १ जानेवारी १९१३ला अमेरिकी टपालखात्याने पार्सल सेवा सुरू केली. मग शेतावरच्या घरापर्यंत गिटार पोहोचवणं सोपं आणि स्वस्त झालं. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसाला गावातल्या दुकानात गोऱ्या गिऱ्हाइकाच्या मागे ताटकळावं लागे, कॅटलॉगला मात्र त्याचा रंग दिसत नसे. पुढे ब्लूजचा मोठा गायक-गिटारवादक झालेल्या, मिसिसिपीतल्या तरुण मडी वॉटर्सने घोडा विकला आणि त्या पैशातून सुमारे अडीच डॉलरला स्टेला गिटार घेतली. त्या भागात या गिटारी सीअर्सकडूनच मागवल्या जात. पुढे शिकागोत जाऊन त्याने जे केलं त्याची मुळं त्या व्यवहारात आहेत असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल, पण हातात वाद्य आलं ते असं.

सीअर्सची वाद्यं आधी सुपरटोन नावाने विकली जात, १९४०च्या सुमारास सिल्व्हरटोन हे नाव आलं. ते सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत टिकलं.

पायरी पहिली: नाव विसरा, कारखाना शोधा

साठीत या दुकानदारांपैकी कोणी स्वतः गिटार बनवत नव्हतं. लेबल एक आणि कारखाना भलताच, असाच सगळा मामला. त्यामुळे 'सिल्व्हरटोन चांगली की एअरलाइन?' या प्रश्नाला अर्थ नाही. एकाच वर्षाच्या सीअर्स कॅटलॉगमध्ये शेजारी-शेजारी छापलेल्या तीन सिल्व्हरटोन तीन वेगळ्या कारखान्यांतल्या असू शकतात. ओळखायचे ते कारखाने हे.

डॅनइलेक्ट्रो. नेथन डॅनियल या रेडिओच्या जाणकाराने १९४७मध्ये न्यू जर्सीतल्या रेड बँकला ही कंपनी काढली. नंतर कारखाना त्याच राज्यात नेपच्यूनला गेला. सीअर्ससाठी त्याने आधी ॲम्प बनवले, १९५४पासून गिटारीही. कंपनी १९६६मध्ये एमसीए या मनोरंजन कंपनीने घेतली आणि १९६९मध्ये बंद पडली. साठीतले बहुतेक नावाजलेले सिल्व्हरटोन ॲम्प याच कारखान्यातले.

हार्मनी. शिकागोतला अवाढव्य कारखाना, १८९२चा. सीअर्सने १९१६मध्ये तो विकतच घेतला आणि १९४०पर्यंत स्वतःकडे ठेवला. पुढे मालकी बदलली तरी सीअर्स मोठं गिऱ्हाईक राहिलंच. १९७५मध्ये हार्मनी बंद झाली. स्टेला हे नाव १९३९पासून हार्मनीकडे होतं.

के. हाही शिकागोचाच. आर्चटॉप (कमानदार छातीच्या) गिटारी आणि डबल बेससाठी याचं नाव जास्त.

व्हॅल्को. व्हिक्टर स्मिथ, अल फ्रॉस्ट आणि लुई डोपेरा या तिघांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. सुप्रो आणि नॅशनल ही त्यांची स्वतःची लेबलं. माँटगोमेरी वॉर्डच्या एअरलाइन मालिकेतली फायबरग्लासची 'रेझोग्लास' गिटार यांचीच. द व्हाइट स्ट्राइप्स या रॉक बँडच्या जॅक व्हाइटच्या गळ्यातली लाल गिटार आठवते ना, तीच ही. व्हॅल्कोने १९६७मध्ये के विकत घेतली आणि वर्षभरात दोन्ही कंपन्या बुडाल्या.

शिवाय साठीच्या मध्यापासून जपानी माल आला, त्यात टाइस्को प्रमुख. चार-चार पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग), डझनभर खटके, चमचमते पत्रे. मजेदार आहेत, पण नेकचा दर्जा लॉटरीसारखा.

पायरी दुसरी: खुणा वाचायला शिका

डॅनइलेक्ट्रोची गिटार लांबूनही ओळखू येते. शरीराच्या पुढच्या-मागच्या बाजूला मॅसोनाइट, म्हणजे आपल्याकडे कपाटाच्या पाठीला लावतात तसा हार्डबोर्ड, आणि आत स्वस्त लाकडाची चौकट. कडांना विनाइलची पट्टी चिकटवलेली. नट (नेकच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) ॲल्युमिनियमचा. पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळकांड्यात बसवलेले. डॅनियलने ती नळकांडी खरोखरच लिपस्टिकच्या कवचांपासून घेतली होती. स्वस्तातलं सामान, पण डोकं वापरून निवडलेलं. धातूचं कवच बाहेरचा गोंगाट अडवतं, ॲल्युमिनियमचा नट झिजत नाही, हार्डबोर्ड हवामानाने फारसा वाकत नाही. लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने डॅनइलेक्ट्रो वर्षानुवर्षं मंचावर वाजवली ती काही पैसे नव्हते म्हणून नाही.

हार्मनीच्या पोकळ गिटारींत आवाजाच्या भोकातून टॉर्च मारा. आत शाईचा शिक्का असतो. 'एफ-६४' किंवा 'एस-६२' अशा शिक्क्यातले शेवटचे दोन आकडे वर्षाचे. इलेक्ट्रिक हार्मनीत सोनेरी पत्र्याचे पिकअप दिसले तर ते बहुधा डीआर्मंडचे, ओहायोतल्या टोलीडोच्या रोव इंडस्ट्रीजने केलेले. आज त्या पिकअपना एवढी मागणी आहे की लोक पिकअप काढून गिटार टाकून देतात. म्हणून 'मूळ पिकअप आहेत का?' हा प्रश्न विचाराच.

ॲम्पच्या बाबतीत तीन ठिकाणी बघायचं.

एक, मागच्या पाटीवरचा चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) क्रमांक. सीअर्स प्रत्येक पुरवठादाराला तीन आकडी संकेत देत असे. '१८५.' ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे डॅनइलेक्ट्रो.

दोन, स्पीकरच्या कड्यावर छापलेला संकेत. २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ३२८ युटा. त्यापुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे. '२२०३३४' असेल तर जेन्सन, तीनने संपणारं वर्ष, ३४वा आठवडा. ॲम्प साठीतला असेल तर १९६३. व्हॉल्यूमच्या पॉटवरही (बटणामागच्या फिरत्या भागावरही) असाच संकेत असतो. स्पीकर आणि पॉट यांची वर्षं जुळली तर स्पीकर मूळचा असण्याची शक्यता चांगली. पण तारीख भागाची असते, ॲम्पची नव्हे. ॲम्प त्यानंतर कधीतरी जोडला गेला एवढंच त्यातून कळतं.

तीन, पेटीच्या आत चिकटवलेला व्हॉल्व्हचा (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) नकाशा. तो फाटलेला असला तरी त्याचा फोटो मागा. पाचव्या पायरीत तो जीव वाचवण्याच्या कामी येणार आहे.

पायरी तिसरी: काय घ्यायचं ते ठरवा

पहिल्यांदाच घेत असाल तर माझी शिफारस सिल्व्हरटोन १४८२ ॲम्प. डॅनइलेक्ट्रोने केलेला, १२ इंची एक स्पीकर, दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, ट्रेमोलो (आवाज थरथरता करणारी सोय). साधारण १५ वॅट. घरात, छोट्या हॉलमध्ये, ध्वनिमुद्रणात, सगळीकडे चालतो. रचना साधी असल्याने दुरुस्तीही सोपी. पेटी मात्र भुशाच्या बोर्डाची आहे. तळघरात ओल लागलेली असेल तर कोपरे बिस्किटासारखे फुगतात. तळाच्या कडा बोटाने दाबून बघा, फोटोवर जाऊ नका.

१४८४, म्हणजे 'ट्विन ट्वेल्व्ह', दिसायला राजेशाही आहे. हेड (स्पीकर सोडून बाकीचा ॲम्प) वेगळं, दोन १२ इंची स्पीकरची पेटी वेगळी, आणि प्रवासात हेड त्या पेटीच्या पोटात मागून सरकवायची सोय. दोन ६एल६. कॅटलॉगमध्ये ६० वॅट छापलेत, तो आकडा उदार आहे. रिव्हर्बही (आवाजाला घुमारा देणारी सोय) आहे, पण इतका दुबळा की नसल्यात जमा. त्या एका कारणासाठी १४८४ घेऊ नका. सहा १० इंची स्पीकरचा १४८५ हा त्याचा थोरला भाऊ. जॅक व्हाइटमुळे त्याची किंमत चढली, आणि फ्लॅटमध्ये तो कुठे ठेवणार हा प्रश्न आहेच.

गिटारींमध्ये सगळ्यात प्रसिद्ध जोडी १४४८ आणि १४४९. १९६२च्या सुमारास सीअर्सने काढलेल्या या गिटारींची खोकी हाच त्यांचा ॲम्प. पेटी उघडायची, झाकण उभं करायचं, वायर जोडायची आणि वाजवायचं. १४४८मध्ये एक पिकअप आणि खोक्यात ५ इंची स्पीकर, किंमत ६७.९५ डॉलर. १४४९मध्ये दोन पिकअप, ८ इंची स्पीकर आणि ट्रेमोलो. त्या काळी एकट्या स्ट्रॅटोकास्टरला अडीचशे डॉलरच्या वर मोजावे लागत, ॲम्पचे वेगळे. अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेज बँडची सुरुवात या खोक्यातून झाली. गिटार आणि खोकं दोन्ही असतील तरच घ्या. ताटातूट झालेल्या जोडीतलं हरवलेलं अर्ध शोधताना नाकी नऊ येतात.

लाकडी अकूस्टिक हवी असेल तर हार्मनीची सॉव्हरिन एच १२६० ही कॅटलॉग-काळातली सर्वांत चांगली खरेदी: भरीव स्प्रूसचा टॉप, बाजू आणि पाठ भरीव महॉगनीची. स्टेला स्वस्त असते, बर्चची, कडांवर रंगाने काढलेली खोटी बॉर्डर. ब्लूजच्या स्लाइडसाठी (तारांवर नळी घसरवून वाजवण्यासाठी) झकास, बाकी कामाला हात दुखवणारी.

पायरी चौथी: गिटार तपासणं

या गिटारींचा खरा घोळ एकच आहे, तो म्हणजे नेक. बहुतेकांत फिरवता येणारा ट्रस रॉड (नेक सरळ करायचा आतला दांडा) नाही. हेडस्टॉकवर 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' असं अभिमानाने लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ आत लोखंडी दांडा आहे आणि तो कधीच हलणार नाही. साठ वर्षांत नेक वाकला असेल तर पाना लावून सरळ होणार नाही.

तपासायची रीत अशी. तारा सुरात लावा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी, पाव मिलिमीटरच्या आसपास. अर्धा मिलिमीटर असेल तरी चालवून घेता येईल. एक मिलिमीटरच्या पुढे असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडा, कारण पुढचे उपाय म्हणजे उष्णतेने नेक दाबणं किंवा फ्रेट काढून नव्याने बसवणं, आणि त्याची मजुरी गिटारच्या किमतीला गाठते.

तारा उंच आहेत पण नेक सरळ आहे, असं असेल तर दोन शक्यता. डॅनइलेक्ट्रोचा नेक स्क्रूने बसवलेला असतो; तो काढून खाचेत पातळ पट्टी टाकली की कोन बदलतो आणि काम अर्ध्या तासात होतं. हार्मनी-केच्या अकूस्टिक आणि आर्चटॉपमध्ये नेक डिंकाने जोडलेला, तो वाफेने सोडवून पुन्हा बसवावा लागतो. हे कुशल कारागिराचं काम आहे. लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं तर उत्तम, ब्रिजच्या पोटात घुसलं तर नेक सोडवून पुन्हा बसवायची वेळ आलेली आहे. आर्चटॉपचा ब्रिज खाली-वर होतो. तो आधीच तळाला टेकलेला असेल तर मालकाने ही चाल खेळून झाली आहे असं समजा.

स्टेला आणि तत्सम गिटारींत आतल्या पट्ट्या शिडीसारख्या आडव्या असतात. जाड तारांनी त्यांचा टॉप ब्रिजमागे फुगतो. थोडा फुगवटा माफ, पण ब्रिज उचकटलेला नको.

पिकअप तपासायला मल्टिमीटर पुरे. गिटारला वायर लावा, व्हॉल्यूम पूर्ण, वायरच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर टोक आणि बूड यांत ओहम मोजा. लिपस्टिक पिकअप काही हजार ओहम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर आत तार तुटलेली आहे किंवा सोल्डर सुटलेलं. खरखर फक्त पॉट साफ करून जाते, त्याला घाबरू नका. डॅनइलेक्ट्रोमध्ये खटका मधे ठेवला की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये येतात आणि आवाज एकदम वाढतो. तो दोष नाही. कोणी 'दुरुस्त' करून ठेवला असेल तर उलट पूर्ववत करून घ्या.

पायरी पाचवी: ॲम्प चालू करण्याआधी

विक्रेता म्हणेल, 'प्लग लावला, दिवा लागला, छान वाजतो.' साठ वर्षांच्या ॲम्पला थेट भिंतीत जोडणं हेच मुळात चुकीचं आहे. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. सोल्डरिंग आणि मीटरची सवय नसेल तर ही पायरी वाचा, समजून घ्या आणि काम व्हॉल्व्ह ॲम्प करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्या. वाचून निदान त्याला काय सांगायचं ते कळेल.

सर्वांत आधी व्हॉल्व्हचा नकाशा. व्हॉल्व्हच्या नावातला पहिला आकडा त्याच्या फिलामेंटचं व्होल्टेज सांगतो. ६व्ही६ला सुमारे ६ व्होल्ट, १२एएक्स७ला सुमारे १२. नकाशात ५०सी५, ५०एल६, ३५डब्ल्यू४, ३५झेड५ असे पन्नाशी-पस्तिशीतले व्हॉल्व्ह दिसले तर सावध व्हा. अगदी स्वस्त ॲम्पमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवण्यासाठी फिलामेंट एकामागोमाग जोडून थेट मेन्सवर टाकत. जुन्या अमेरिकी रेडिओत हीच युक्ती असे. रेडिओ लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत बंद असतो. गिटार ॲम्पचा चॅसिस मात्र वायरीतून तुमच्या तारांपर्यंत येतो. प्लग उलटा लागला तर भिंतीतली फेज बोटांत. अमेरिकेत या ॲम्पना 'विडोमेकर', म्हणजे बायकोला विधवा करणारे, म्हणतात. सीअर्स, वॉर्ड आणि इतर सगळ्यांच्या सर्वांत छोट्या ॲम्पमध्ये हे सापडतात, एकाच ब्रँडला दोष देण्यात अर्थ नाही.

असा ॲम्प आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेन्सशी थेट जोडणी तोडणारा) बसवल्याशिवाय वाजवायचा नाही. आणि नुसती तीन पिनी वायर लावून चॅसिसला अर्थ जोडणं हा त्यावर उपाय नव्हे: मेन्सची एक बाजू चॅसिसशी जोडलेली असेल तर थेट शॉर्ट होईल. आधी आयसोलेशन, मग अर्थिंग. स्वस्तात मिळतोय म्हणून नवशिक्याने हा ॲम्प घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉवर ट्रान्सफॉर्मर असलेल्या ॲम्पमध्ये (१४८२, १४८४ यांत तो आहे) कामाचा क्रम असा ठेवा:

१. प्लग काढून चॅसिस बाहेर घ्या. सुमारे १० किलोओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून मोठ्या कपॅसिटरचा धन टोक आणि चॅसिस यांत काही सेकंद धरा. मग मीटरने मोजा. व्होल्टेज जवळपास शून्यावर आल्याशिवाय आत बोट घालू नका. एक हात खिशात ठेवायची जुन्या रेडिओवाल्यांची सवय इथे लावून घ्या.

२. जुनी दोन पिनी वायर काढा. तीन पिनी नवी लावा. हिरवी वायर चॅसिसला वेगळ्या बोल्टने, दात असलेल्या वॉशरसह, ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर नाही. ती बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर अर्थ सर्वांत शेवटी तुटेल. फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. फ्यूज नसेल तर बसवा. तंत्रज्ञाला त्याचा आकडा ट्रान्सफॉर्मरवरून काढू द्या, अंदाजे मोठा टाकू नका.

३. मेन्सच्या एका वायरीतून चॅसिसला गेलेला छोटा कपॅसिटर शोधा. दोन पिनी काळात गुणगुण कमी करायला तो असे. तो आतून फुटला तर चॅसिसवर फेज येते. इंग्रजीत त्याचं टोपणनाव 'डेथ कॅप' आहे. तीन पिनी वायर लावल्यावर त्याची गरज उरत नाही, काढून टाका.

४. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला. 'अजून वाजतंय' हे न बदलण्याचं कारण नव्हे, कारण तो फुटला की ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो आणि मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त, कधीही कमी नाही. मायक्रोफॅरड मूळच्या जवळ ठेवा. सर्किटचे नकाशे त्या काळच्या सॅम्स फोटोफॅक्ट मालिकेत छापलेले आहेत आणि सिल्व्हरटोनचे बहुतेक इंटरनेटवर सहज सापडतात.

५. सिग्नलच्या वाटेवरचे कागदी कपॅसिटर डीसी गळती करतात का ते मोजा. गळत असतील तेवढेच बदला. सगळं सर्किट उपटून नवं घालणाऱ्या तंत्रज्ञापासून जपा. त्या ॲम्पचा आवाज त्या भागांतच आहे.

६. आता चालू करायची वेळ. आपल्या वायरमनकडे असतो तसा सिरीज बोर्ड बनवा: ॲम्पच्या आधी फेजमध्ये जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, ६० ते १०० वॅट, तुमच्या मेन्सच्या व्होल्टेजचा. एलईडी चालणार नाही. व्हॉल्व्ह काढून चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग व्हॉल्व्ह घालून पुन्हा तेच. स्पीकर जोडलेला असल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प कधी चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकर बदलायचा असेल तर ओहम मूळचेच ठेवा.

पायरी सहावी: भारतात आणायचा असेल तर

या ॲम्पांवर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्‌झ लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच, आणि इथे एक सापळा आहे. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त '२२०-११०' डबे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यात एकच गुंडाळी, म्हणजे मेन्सशी नातं तुटत नाही. आधी सांगितलेल्या विडोमेकर जातीच्या ॲम्पला असा डबा लावणं म्हणजे संरक्षण काहीच न लावणं. डबा प्लगला न लावता मीटरने इनपुटची पिन आणि आउटपुटचं भोक यांत सातत्य तपासा, दोन्ही भोकांशी. कुठेही बीप आला तर तो ऑटो आहे. स्थानिक ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडून 'दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, २३० ते ११५' असा करून घेणं मला जास्त पटतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात असे लोक भेटतात. १४८२ला २०० व्हीए पुरेसा, १४८४ला ५०० घ्या. अर्थची वायर ॲम्पपर्यंत सलग आली पाहिजे. कितीतरी डब्यांच्या आउटपुटला अर्थच नसतो.

५० हर्ट्‌झचं काय? ६० हर्ट्‌झसाठी केलेल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५०वर जास्त भरतो आणि जास्त तापतो. म्हणूनच १२० ऐवजी ११०-११५ व्होल्ट दिलेले बरे. पहिल्या दिवशी तासभर चालवून, बंद करून, प्लग काढून ट्रान्सफॉर्मरला हात लावा. गरम चालेल, पण हात ठेवता येत नसेल किंवा वार्निशचा वास येत असेल तर वापर थांबवून तंत्रज्ञाला दाखवा.

पाठवताना व्हॉल्व्ह काढून वेगळे बांधायचे, जागा लिहून. गिटारच्या तारा सैल करायच्या, पूर्ण काढायच्या नाहीत. आणि एक कायदेशीर बाब: त्या काळी फिंगरबोर्ड आणि ब्रिजला ब्राझिलियन रोझवूड सर्रास वापरलं जाई. हे लाकूड १९९२पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे असं वाद्य देशाच्या सीमेपार विकत पाठवायला परवाना लागतो. लाकूड कोणतं ते आधी विचारा, कस्टममध्ये अडकल्यावर नाही.

पायरी सातवी: वाजण्याजोगी करणं

तारा ०.०१०च्या संचातल्या, आणि तिसरी तार गुंडाळलेली घ्या. ही छोटी गोष्ट बहुतेक जण चुकवतात. या गिटारी बनल्या तेव्हा तिसरी तार गुंडाळलेलीच असे. डॅनइलेक्ट्रोच्या ब्रिजवर प्रत्येक तारेला वेगळा खोगीर नाही, रोझवूडची एकच पट्टी आहे. साधी तिसरी तार लावली की ती वरच्या फ्रेटवर हटकून चढी बोलते. मग लोक महागडा ब्रिज आणून नवी भोकं पाडतात आणि गिटारची किंमत घालवतात.

ब्रिजची जागा ठरवायला बाराव्या फ्रेटवरचा हार्मॉनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज मागे, उतरता असेल तर पुढे. पहिली आणि सहावी तार जुळली की मधल्यांशी तडजोड करा. आर्चटॉपचा ब्रिज फक्त तारांच्या दाबाने उभा असतो, म्हणून तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढल्या तर ब्रिज हातात येतो आणि जागा पुन्हा शोधावी लागते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवा. त्याखाली जायचा हट्ट या नेकांवर धरू नये.

खुंट्या जड फिरत असतील तर थेंबभर तेल. पांढरी प्लॅस्टिकची बटणं चुरा होऊन पडली असतील तर फक्त बटणं मिळतात, अख्ख्या खुंट्या बदलू नका.

नव्या कोऱ्या 'जुन्या' गिटारी

डॅनइलेक्ट्रो हे नाव १९९०च्या दशकात दुसऱ्या कंपनीने पुन्हा चालू केलं. एअरलाइनच्या आकाराच्या नव्या गिटारी ईस्टवुड काढते, सिल्व्हरटोनच्याही नव्या आवृत्त्या आल्या. वाद्य म्हणून त्या बऱ्याचदा मूळच्यापेक्षा सुरेल आणि सोप्या आहेत, आणि फक्त वाजवायचंच असेल तर मी त्याच घ्यायला सांगेन. पण वापरलेल्या मालात कोणी त्या साठीतल्या म्हणून विकतं. फिरवता येणारा ट्रस रॉड, प्रत्येक तारेला वेगळा खोगीर असलेला ब्रिज, हेडस्टॉकमागे छापील अनुक्रमांक, आत प्रिंटेड सर्किटचा तुकडा, यातलं काहीही जुन्या म्हणवणाऱ्या डॅनइलेक्ट्रोत दिसलं तर विक्रेत्याला नेक काढून खाचेतल्या शिक्क्याचा फोटो मागा. खऱ्या गिटारीत तिथे तीन-चार आकड्यांचा शिक्का असतो आणि शेवटचा आकडा बहुधा वर्षाचा. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

ॲम्पमधून काढलेले जुने कपॅसिटर, मूळ वायर, बटणं, गिटारचा जुना नट असं सगळं एका पाकिटात घालून, वर तारीख आणि कोणतं काम केलं ते लिहून, पेटीच्या आत टेपने चिकटवून ठेवा. पुढचा तंत्रज्ञ त्यासाठी तुमचे आभार मानेल, आणि विकायची वेळ आली तर भावही बरा येईल.